फुलोऱ्यात एलईडीचा जोर किती ठेवायचा?

एलईडी ग्रो-लाईटखाली वाढवलेली ही शेवंती बघा, शेंड्याच्या बेचक्यात मोहरीएवढी कळी दिसायला लागलीये. नेमकं याच वेळी बरेच जण डिमर, म्हणजे लाईटचा जोर कमी-जास्त करायचं बटण, थेट शंभरवर नेऊन ठेवतात, कारण फुलोऱ्यात उजेड जास्त लागतो असं सगळीकडे ऐकलेलं असतं. लागतो, खरंय. पण डिमरवरचा आकडा फक्त लाईट किती जोरात चाललाय ते सांगतो, झाडाला त्यातलं काय मिळतंय ते शेंड्यावरच मोजावं लागतं.

आणि एक गोष्ट आधीच क्लिअर करू, जोर वाढवला म्हणून शेवंती फुलत नाही. फुलायचं की नाही हे दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतं, गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्येच तंबाखूवर प्रयोग करून हे मांडलं होतं. म्हणून शेवंतीचा लाईट वाढीच्या काळात १६ तास असतो आणि कळ्या धरायला आपण तो १२ वर आणतो, रात्र लांब व्हावी म्हणून.

आता इथे हिशोब करा. शेंड्यावर ३०० मायक्रोमोल (झाडाच्या कामाचा उजेड दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती पडतो त्याचं माप) असतील तर १६ तासांत दिवसाची बेरीज होते साधारण १७ मोल (१ मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). तास १२ केले की त्यातला पाव भाग गेला. ती बेरीज परत गाठायला शेंड्यावर ४०० पाहिजेत, म्हणजे एवढं वाढवल्यावर झाड जिथे होतं तिथेच राहतं, जास्तीचं काही मिळालेलंच नाही. टोमॅटो-मिरचीला रात्रीच्या लांबीचं एवढं पडलेलं नसतं, तिथे १६ तास तसेच ठेवायचे, ४०० वर २३ मोल होतात, आणि फळं धरणाऱ्या झाडांना २० ते ३० मोल मिळाले की ती नीट चालतात.

सगळ्यात जास्त फसगत मात्र उंचीमुळे होते. तास कमी केल्यावर पहिले काही आठवडे झाड अजून वर वर जात असतं आणि लाईट आहे तिथेच टांगलेला, त्यामुळे डिमरला हात न लावता शेंड्यावरचा उजेड वाढत जातो, आणि वरून आपण डिमरपण फिरवला तर दोन्ही मिळून एकदम डोस बसतो. म्हणून आधी लाईट वर घ्या, मग मोजा, मधे आणि चारही कोपऱ्यांत, आणि मगच डिमर थोडा थोडा, दोन-तीन दिवसांनी एकदा. वरून सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) देत नसाल तर ८०० ते १००० मायक्रोमोलच्या पुढे नेऊन बहुतेक झाडांना फारसा फायदा होत नाही, वीज तेवढी जाते.

जास्त झालाय हे ओळखायचं कसं? हे पान जवळून बघा. कडा वर वळल्यात, शिरा अजून हिरव्या आहेत पण मधला भाग फिकट पडलाय, आणि खालची पानं मात्र मस्त गडद. पिवळेपणा वरून सुरू झाला तर पहिला संशय उजेडावर घ्या, जुन्या खालच्या पानांपासून सुरू झाला तर नायट्रोजन बघा. शेंड्यावर हात धरून गरम लागतंय का बघायची सोडियम दिव्यांची जुनी पद्धत इथे चालत नाही, एलईडीच्या उजेडात इन्फ्रारेड फार कमी असतो, हाताला काही जाणवत नाही आणि पान तोवर पांढरं पडायला लागलेलं असतं.

मायक्रोमोल मोजायचं मीटर नसेल तर पांढऱ्या एलईडीखाली फोनवरच्या लाईट मीटर अ‍ॅपने लक्स (उजेडाचं नेहमीचं माप) घेऊन साधारण ६५ ते ७० ने भागा, मायक्रोमोलचा अंदाज येतो. फक्त जांभळ्या दिसणाऱ्या लाल-निळ्या लाईटखाली हे अजिबात करू नका, लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात, तिथे आकडा खूपच कमी येतो आणि तुम्ही उगाच डिमर वाढवत बसाल.