कपाटातली पुस्तकं वाचतं कोण?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या वर्षभराच्या कामावर बोलावं, असं मला सांगितलं होतं. पण दिवाळीत गावी गेलो असताना लेक जे बोलली ते मनातून जात नाही, म्हणून त्यावरच बोलतो.

आमचं गाव मोर्शी तालुक्यातलं. तिथल्या वाचनालयाचं कपाट तिच्यासाठी मुद्दाम उघडायला लावलं. तिनं उचललेल्या पुस्तकाला मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत आरपार भोक होतं. घरात तिला सगळे पुस्तकी किडा म्हणतात. ती म्हणाली, "बाबा, या किड्यानं तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं."

सगळे हसले. मला हसता आलं नाही.

तसं आरपार भोक भुंगेऱ्याची अळी पाडते. कसर वेगळी, ती चंदेरी, बिनपंखांची, आपण सगळ्यांनी पाहिलेली. तिला बांधणीतली खळ आवडते, ती पानाचा वरचा थर खरवडून खाते. उधई तर जमिनीतून मातीची वाट बांधत भिंतीवर चढते आणि आतून पोखरते. पुठ्ठा जागेवर असतो, हात लावला की आत भुगा. म्हणून तर जुन्या लोकांनी सागवानी कपाटं केली, पोथ्या कापडात बांधल्या, कडुनिंबाचा पाला ठेवला, आणि पावसाळा सरला की सगळं उन्हात काढलं. या तिघांनाही अंधार हवा, ओल हवी आणि कुणी हात लावू नये एवढंच हवं. हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकात त्यांचा जम बसत नाही.

वाचनालय सांभाळणाऱ्या काकांना मी विचारलं, पुस्तकं उन्हात का नाही टाकत? ते म्हणाले, "टाकाले मानूस पायजे ना बाप्पा. अन् टाकून वाचते कोन?"

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना आधार मिळाला हे खरं. पण सगळ्यात खालच्या 'ड' वर्गातल्या वाचनालयाचं अनुदान केवढं असतं आणि त्यातून माणसाच्या हातात किती पडतं, हे इथे बसलेल्यांपैकी ज्यांचे वडील-काका त्या समित्यांवर होते त्यांना मी सांगायला नको.

रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथं लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, सिद्ध केलं. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून ऐकून पाठ पुन्हा उभा केला गेला. महानुभाव पंथातल्या हिराइसेचं नाव त्यात आदरानं घेतलं जातं. पोथी गेली तरी ग्रंथ राहिला, कारण वाचणारी, ऐकणारी माणसं होती. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं. आपण याच सभागृहात पेढे वाटले. मीही वाटले, आणि आनंद खराच होता.

पण मंडळी, रागावू नका, आपण गावाला पाठवतो काय? खोकी. इथली घरं आवरताना निघालेली पुस्तकं, आणि सोबत एक लोखंडी कपाट. कपाटावर देणगीदाराचं नाव, हार, फोटो. मग कुलूप. त्या दिवशी लेकीनं उचललेलं पुस्तक असंच कुणीतरी भेट दिलेलं होतं. आतल्या पानावर 'सप्रेम' लिहिलेलं, आणि त्या अक्षरांमधूनही भोक गेलेलं.

माझं म्हणणं एवढंच की यंदा एकही खोकं पाठवू नये. त्या पैशातून एका माणसाला मानधन द्यावं. त्यानं रोज संध्याकाळी दोन तास दार उघडावं, पुस्तकं झटकावीत, पोरांना वाचून दाखवावं, कपाशीच्या वेचणीहून परतणाऱ्या बायांना मासिकं घरी न्यायला द्यावीत.

पैशाचं आपण जमवू. माणसाचं काय करायचं, ते मला सुचत नाही. बारावी झाली की पोरं अमरावती, पुणे गाठतात. जी राहतात ती स्पर्धा परीक्षेच्या गाइडात मान खाली घालून बसलेली असतात, आणि त्यांना दोष कसा द्यावा? काकांचं वय झालंय. त्यांच्यानंतर किल्ली कुणाकडे द्यायची, हे समितीलाही माहीत नाही. कुणाच्या नात्यात, ओळखीत गावातच राहणारं कुणी असेल, तर चहाच्या वेळी मला जरूर भेटा.