साडेपाचशे चिन्हं आणि एक डाव : सावंतवाडीचा गंजिफा

(दृश्य : सावंतवाडीचा राजवाडा, दरबार हॉल. कुंचल्याचं टोक, अगदी जवळून.)

हा ठिपका म्हणजे माशाचा डोळा. मत्स्याची दश्शी रंगवायची तर असे दहा मासे काढायचे, दहा डोळे द्यायचे, आणि तेही तळहातात मावणाऱ्या एका गोल पत्त्यावर. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ. दशावतारी गंजिफाच्या संचात पत्ते एकशेवीस. अवतार दहा, म्हणजे रंग दहा. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे दहा पत्ते. राणी नाही, गुलाम नाही, जोकरही नाही.

पाहुणे राजवाड्यात येतात तेव्हा त्यांची नजर आधी राजावर जाते. सिंहासन, प्रभावळ, सेवक, सगळा थाट तिथेच असतो. पण चिताऱ्याचा हात जोखायचा असेल तर या साध्या पत्त्यांकडे बघा. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू, रामाला बाण, कल्कीला तलवार. शंभर साध्या पत्त्यांवर मिळून साडेपाचशे चिन्हं होतात. एक्क्यावरचं कासव ऐसपैस बसतं. दश्शीवर तेच कासव दहा वेळा बसवायचं, एकाचं अंग दुसऱ्याला लागू द्यायचं नाही आणि कडेची गोल चौकट मोडायची नाही.

(दृश्य : चिंचोके, पाटा, पातेल्यात शिजणारी खळ.)

सुरुवात मात्र रंगापासून होत नाही, चिंचोक्यापासून होते. जुनी रीत अशी. चिंचोके भाजायचे, वरची सालं काढायची, आतला गर भिजवून वाटायचा आणि पाणी घालून शिजवायचा. त्याची चिकट खळ होते. या खळीने जुन्या कापडाचे, नाहीतर कागदाचे थर एकावर एक चिकटवायचे आणि उन्हात वाळवायचे. कोकणात हे काम कोणत्या महिन्यात करायचं नाही, ते वेगळं सांगायला नको.

वाळलेल्या थरांवर खडूच्या पुडीचा लेप येतो. तो सुकला की गुळगुळीत दगडाने घोटायचा. या दृश्यात हात कसा चाललाय ते बघा : जोर कमी, फेऱ्या जास्त. घोटाई कमी पडली तर पुढे कुंचला अडखळतो आणि रेघ फुटते. मग गोल कापणी. मग प्रत्येक रंगाची आपली जमीन, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग. त्यावर कडेची चौकट, तिच्या आत चिन्हं, आणि अगदी शेवटी लाखेचा हात.

आज पुठ्ठा तयार मिळतो, रंगही बाटलीतले असतात. त्याबद्दल नाकं मुरडणारे भेटतात. आम्हाला त्यात फार काही बिघडलंय असं वाटत नाही. हात तोच आहे.

(दृश्य : पत्ता उलटा. पाठीवरचा सपाट रंग.)

आता पत्त्याची पाठ बघा. इथे काहीच नाही. एकच रंग, कोरा. सगळ्या एकशेवीस पत्त्यांची पाठ तंतोतंत सारखी हवी, कारण एखाद्या पत्त्यावर डाग राहिला तर समोरचा तो ओळखणार. जाडी सारखी हवी, कारण बोटांना फरक कळतो. लाख हवी, कारण पत्ता घामट हातातून दुसऱ्या पत्त्यावर सरकला पाहिजे. यातली एकही गोष्ट भिंतीवर टांगण्यासाठी केलेली नाही. हा पत्ता खेळण्यासाठीच घडवलाय. म्हणून चौकटीत काचेमागे बसवलेला गंजिफा पाहिला की आमचा जीव थोडा कासावीस होतो.

(दृश्य : जुनी पुस्तकं, संग्रहालयाची सूची, पत्त्यांची छायाचित्रं.)

गंजिफाचा भारतातला ठळक जुना उल्लेख बाबराच्या आठवणींत सापडतो. 1527 साली त्याने सिंधच्या शाह हसनकडे हे पत्ते भेट म्हणून पाठवले. अकबराच्या काळातल्या ‘आइन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या खेळाचं वर्णन आहे. पुढे रुळला तो आठ रंगांचा, शहाण्णव पत्त्यांचा मुघल गंजिफा : ताज, शमशेर, गुलाम, चंग अशा नावांचा. तोच खेळ देवळांच्या आणि कथा-कीर्तनांच्या मुलखात आला आणि ताज, शमशेरच्या जागी मत्स्य, कूर्म बसले. बंगालात बिष्णुपूरला, ओडिशात, म्हैसूरला तो वेगवेगळ्या रूपांत वाढला. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर तीनशे साठ पत्त्यांचा खेळ रचला. तो खेळायला किती जणांना सवड होती, हा प्रश्नच आहे.

हे सगळं एका धाग्यात ओवणारा माणूस व्यवसायाने या क्षेत्रातला नव्हता. रुडॉल्फ फॉन लायडन हा जर्मन, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. 1933 साली तो मुंबईत आला. जाहिरातीच्या व्यवसायात शिरला, वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढली, कलासमीक्षा लिहिली. चित्रकलेच्या वर्तुळात त्याचं नाव निघतं ते हुसेन, रझा, आरा या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभा राहिलेला म्हणून. पण त्याचं खासगी वेड होतं हे गोल पत्ते. कुठल्या गावात कोणतं चिन्ह येतं, कुठे राम बाणाने ओळखला जातो आणि कुठे माकडाने, दरबारी कलम, म्हणजे शैली, कोणती आणि बाजारातली कोणती, हे त्याने खडकांचे नमुने लावावेत तसं लावून ठेवलं. त्याचं काम 1982 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रदर्शनापर्यंत पोचलं. पुढच्याच वर्षी तो गेला.

लायडनने पत्ते जमवले, लावले, समजावले. पत्ते करणारे हात टिकवायचं काम सावंतवाडीत झालं.

(दृश्य : राजवाड्याचा दर्शनी भाग, मोती तलाव. मग शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांचं छायाचित्र.)

गावात चितारआळी होती, आजही आहे. लाकडी फळं, खेळणी, पाट, लाखेचं काम. पण 1970च्या आसपास गंजिफा पूर्ण रीतीने जाणणारे उरले होते ते वयोवृद्ध पुंडलिक चितारी. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी त्यांच्याकडे शिकायला बसले. संस्थानिकांनी चिताऱ्यांना काम द्यायचं, ही जुनी रीत. इथे राजघराणं कुंचला धरून शिष्य झालं आणि मग राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच गावातल्या मुलामुलींसाठी कामाची जागा निघाली. सत्वशीलादेवी 2018 साली गेल्या. त्यांनी सुरू केलेली बैठक तुम्ही आत्ता बघताय.

छापील बावन्न पत्त्यांचा कॅट स्वस्तात मिळू लागला आणि हाताने रंगवलेला गंजिफा मागे पडला. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालंय. गिऱ्हाईक येतं, ते बहुतेक भेटवस्तूसाठी.

(दृश्य : चादर अंथरलेली. तिघे खेळाडू. पत्ते चादरीवर उलटे पसरून मिसळतायत.)

गोल पत्ते आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत. ते असे चादरीवर पसरून कालवायचे. खेळाडू तीन, प्रत्येकाला चाळीस पत्ते. चाळीस गोल पत्ते एका हातात धरणं हे पहिलं कौशल्य. नवख्या हातातून ते कसे निसटतात ते दिसतंच आहे.

उतारी कोणाची, हे घड्याळावर ठरतं. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो डाव उघडतो. रात्री तो मान कृष्णाच्या राजाचा. त्यानंतरची गंमत खरी. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत उलटं : एक्का मोठा, दश्शी लहान. राजा आणि प्रधान मात्र दहाही रंगांत वरचेच. हुकूम नावाची भानगड नाही. त्यामुळे कापाकापी नाही आणि सगळा खेळ स्मरणाचा. एखाद्या रंगातले वरचे पत्ते पडून गेले की तुमच्या हातातली मामुली पंजीही अचानक बादशाही होते. फक्त ते पत्ते पडलेत, हे तुम्हाला आठवायला हवं.

मुलांच्या स्मरणशक्तीसाठी पालक शिकवण्या लावतात. त्याऐवजी हे शिकवा, असं म्हणायचा मोह आवरत नाही, पण असो.

(दृश्य : डाव रंगलेला. खेळाडूंचे आवाज.)

‘वराहाचो राजा पडलो काय?’

‘मगाशीच पडलो.’

राजा पडला असेल, तर वराहात आता प्रधान मोठा. तो तिघांपैकी कोणी दाबून ठेवलाय, हे पुढच्या उतारीला कळेल.