दोन दारांची गाडी आणि चाळीस क्विंटल सोयाबीन

मंडळी, आपल्या भागात महागड्या गाडीचं अप्रूप नवं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा साधारण पासष्ट कोटींचा होता, आणि एकगठ्ठा खरेदी असल्यामुळे सवलत मिळाली, बँकेचं कर्जही स्वस्तात पडलं. तेव्हाही दोन तट पडले होते. एक म्हणायचा, शहराचं नाव झालं. दुसरा विचारायचा, शेजारच्या जिल्ह्यात शेतकरी कर्जापायी जीव देतोय आणि हे काय चाललंय? आज यूट्यूबवरच्या एखाद्या पोरानं पिवळीजर्द स्पोर्ट्स कार घेतली की पुन्हा तेच दोन तट पडतात. पण एक फरक लोकांच्या ध्यानात येत नाही. त्या दीडशे गाड्या, कर्ज काढलं असलं तरी, आधीच उभ्या असलेल्या धंद्याच्या जोरावर आल्या होत्या. यूट्यूबरची गाडी पुढची कमाई आणण्यासाठी घेतलेली असते. ती त्याच्या धंद्याचं अवजार आहे. म्हणून तिच्याकडे बघायचं ते ट्रॅक्टरकडे बघतो तसं: किमतीला केवढ्याला पडली, महिन्याला किती खाते, आणि किती कमावून देते.

आधी किंमत. परदेशात पूर्ण तयार होऊन येणारी एखादी गाडी विमा-भाड्यासकट आपल्या बंदरावर १ कोटीला पोहोचली असं धरा. ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीला २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ आयात शुल्क ७० टक्के आणि कृषी उपकर ४० टक्के, म्हणजे ११० टक्के लागतात. झाले २ कोटी १० लाख. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८४ लाख. विक्रेत्याचा नफा धरायच्या आधीच गाडी २ कोटी ९४ लाखांवर गेली. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात ठरावीक कोट्यापुरती शुल्कसवलत आहे, पण ती सरसकट नाही. मग आरटीओ. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के कर आहे. त्याची कमाल मर्यादा पूर्वी २० लाख होती, जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. त्याशिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, घेतो. तो पुढे आयकरात वळता होतो, पण खरेदीच्या दिवशी खिशातून जातोच.

कर वाचवायला कुणी परराज्यात नोंदणी करतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आणि यूट्यूबरची अडचण अशी की गाडी इथे किती दिवस फिरतेय याचा तारीखवार पुरावा तो स्वतःच रोज अपलोड करत असतो.

आता हप्ता. सगळ्या किमतीपैकी फक्त १ कोटी कर्ज काढलं, व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता येतो २ लाख १२ हजार ४७० रुपये. पाच वर्षांत व्याजच साडेसत्तावीस लाखांच्या घरात जातं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एका महिन्याचा हप्ता जवळपास चाळीस क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटलचा उतारा पडला, तोही चांगल्या पावसाचा, तर पाच एकरांचा अख्खा हंगाम एका हप्त्यात गेला. आणि हे बाजार समितीत हमीभाव मिळाला तरची गोष्ट.

हाच हिशोब व्ह्यूजमध्ये मांडू. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के यूट्यूब चॅनेलवाल्याला देतं, शॉर्ट्सच्या वाटणीत ४५ टक्के. हजार व्ह्यूजमागे हातात किती पडतं हे विषयावर, प्रेक्षकावर, महिन्यावर अवलंबून असतं. दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत जाहिराती जोरात असतात आणि जानेवारीत दर खाली येतो. आपण हिशोबापुरते हजाराला ३० रुपये धरू. ज्याचं चॅनेल आहे त्यानं यूट्यूब स्टुडिओ उघडून स्वतःचा आकडा घालावा. नुसता हप्ता भरायला महिन्याला सुमारे ७१ लाख व्ह्यूज लागतात. उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल आणि गाडी धंद्यात दाखवली नसेल, तर सेससकट कर भरून हातात हप्त्याएवढे पैसे उरायला १ कोटीहून जास्त. दर महिन्याला, पाच वर्षं, न चुकता. यात विमा नाही, टायर नाहीत, पेट्रोल नाही, कॅमेरामन आणि एडिटरचा पगार नाही.

म्हणून नुसत्या जाहिरातीच्या उत्पन्नावर कुणी अशी गाडी सांभाळत असेल यावर चटकन विश्वास ठेवू नका. पैसा येतो ब्रँडकडून, कोर्स विकून, स्वतःचा माल विकून. आणि गाडी त्या गिऱ्हाइकापुढे पत वाढवते. गाडीवर निघणारे व्हिडिओही ठरलेले असतात: डिलिव्हरी, आईवडिलांना बसवणं, गावात नेणं, सायलेन्सरचा आवाज, पहिली सर्व्हिसिंग, रंग झाकणारी रॅप. पहिले दोन-तीन सगळ्यांत जास्त चालतात. नंतर तीच गाडी चौकटीत नुसती उभी राहते, प्रेक्षकाला सवय होते, हप्ता मात्र तेवढाच राहतो. दुसऱ्या वर्षी दुसरी गाडी घ्यायचा दबाव इथून सुरू होतो.

गाडी खरंच त्याची आहे का, हे बघायला आधी नंबर प्लेट बघा. पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्यानं स्वतः चालवायला मिळणारी. लाल प्लेटवर पांढरी अक्षरं म्हणजे विक्रेत्याची, ट्रेड सर्टिफिकेटवरची. पिवळ्यावर लाल अक्षरं म्हणजे तात्पुरती नोंदणी. एमएच २३ बीडचं, २४ लातूरचं, २६ नांदेडचं, हे आपल्याला पाठ आहेच. प्लेट मुद्दाम धूसर केली असेल तर त्यावरून लगेच काही ठरवू नका, सुरक्षिततेसाठीही ती झाकतात. पण ‘घेतली’ हा शब्द आणि भाड्याची काळी प्लेट एकाच व्हिडिओत दिसली तर काय समजायचं ते समजा.

गाडी भेट मिळाली असेल तर त्याचेही नियम आहेत. आयकराचं कलम १९४आर १ जुलै २०२२ पासून लागू झालं. धंद्याच्या संबंधातून वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त किमतीची वस्तू किंवा लाभ दिला तर देणाऱ्याला १० टक्के करकपातीची तजवीज करावी लागते, आणि वस्तूची किंमत घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. २० लाखांची गाडी ‘फुकट’ मिळाली तर २ लाखांचा कर आधी भरला गेला पाहिजे. सोबतच्या परिपत्रकात असंही स्पष्ट केलंय की व्हिडिओसाठी वापरून वस्तू कंपनीला परत केली, तर तो लाभ धरला जात नाही. दारात दोन आठवडे दिसून मग नाहीशी होणारी गाडी बऱ्याचदा याच प्रकारातली असते. त्यात गैर काही नाही, फक्त प्रेक्षकाला तसं सांगायला हवं.

आता गाडी आपल्या रस्त्यावर आणू. लॅम्बोर्गिनी हुराकानच्या पुढच्या टायरवर २४५/३० आर २० असं लिहिलेलं असतं. २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ३० म्हणजे त्या रुंदीच्या तीस टक्के उंचीची बाजूची भिंत. गुणाकार करा: साडेत्र्याहत्तर मिलिमीटर. चार बोटं आडवी धरली की संपली. आपल्या साध्या हॅचबॅकच्या १८५/६५ टायरची भिंत १२० मिलिमीटर असते. खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं की ही पातळ भिंत खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि तिथे हवेचा फुगा येतो. या फुग्याला पंक्चरचा पॅच चालत नाही, टायर बदलावाच लागतो. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला टायर चालत नाही. घेर वेगळा पडला की डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर, ताण येतो, म्हणून एक फुटला तरी जोडी घ्यावी लागते.

आणि मराठवाड्यात खड्डे का पडतात? आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, वरचा डांबरी थर वर-खाली होतो आणि कडा ढासळतात. समोरून ऊसाची ट्रॉली आली की चाक साइडपट्टीवर उतरवावं लागतं, तिथे टायरची भिंत पहिली घासते. स्पीडब्रेकरचं मानक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद गोलसर उंचवट्याचं आहे. गावागावात मात्र अरुंद आणि उभे उंचवटे घातलेले असतात. त्यावर लांब नाकाची बुटकी गाडी आधी पुढचा ओठ घासते, मग पोट टेकवते. काही गाड्यांना नाक उचलायची सोय असते, पोर्शे ९११ मध्ये ती साधारण ४० मिलिमीटर उचलते. ती नसेल तर गाडी तिरपी घालून एकेक चाक चढवायचं, तेही चालण्याच्या वेगानं. लॅम्बोर्गिनीची अधिकृत दालनं मुंबई, दिल्ली, बंगळुरूला. म्हणजे बिघाड झाला की गाडी ट्रकवर घालून नेणं आलं. महिना महिना उभी राहिली तर बॅटरी उतरते आणि टायर एका जागी दबतात. चार्जर लावून ठेवावा लागतो.

चांगला रस्ता म्हणून मग सगळे समृद्धीवर जातात. ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ पासून पूर्ण खुला, जालना आणि संभाजीनगरवरून जाणारा. तिथली कारची मर्यादा ताशी १२० आहे. दोनशेचा काटा दाखवणारा व्हिडिओ टाकला की अतिवेग आणि धोकादायक ड्रायव्हिंगचा पुरावा आपणच तयार केला. वर खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी हा वापर वगळलेला असतो, म्हणजे नंतर अपघाताचा दावा नाकारायला कंपनीला तोच व्हिडिओ पुरतो. विम्याचं आणखी एक: थर्ड पार्टीचा हप्ता नुसत्या सीसीवर ठरतो, दीड हजार सीसीच्या वरच्या खासगी गाडीला २०२२ च्या दरानं वर्षाला ७,८९७ रुपये, मग ती एखादी एसयूव्ही असो की स्पोर्ट्स कार. खरा खर्च स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात असतो. तिथे गाडीची विमा किंमत पाचव्या वर्षी निम्म्यावर येते, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत गाडीची कागदोपत्री किंमत अर्धी झालेली असते.

एवढं सगळं झाल्यावर माझं मत सांगतो. गावाकडच्या पोरानं मेहनतीच्या पैशातून गाडी घेतली तर त्याला खाली ओढू नये. ‘याची लायकी काय’ असं जे लिहितात, ते उद्योजकाच्या गाडीखाली तसं लिहीत नाहीत, आणि ते मला फार लागतं. माझी तक्रार वेगळ्या पैशाबद्दल आहे. कित्येक चॅनेलांवर बेटिंग आणि रमीच्या ॲपची जाहिरात चालायची, मागे गाडी उभी, हातात फोन, खाली लिंक. बघणारं बारावीचं लेकरू असायचं, आणि ॲपमध्ये जाणारे पैसे बापाच्या सोयाबीनचे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैशाच्या खेळांवर बंदी घातली, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. तरीही टेलिग्रामच्या लिंकवरून कुणी असं काही खपवत असेल, तर त्याची गाडी कितीही देखणी असो, तिच्या टाकीत कुणाच्या तरी घरची उसनवारी ओतलेली आहे. तसा व्हिडिओ दिसला की रिपोर्ट करा आणि घरातल्या पोरांशी त्याच दिवशी बोला.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांचं चॅनेल नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी क्रम सांगतो. १ हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत लोकांनी व्हिडिओ बघितल्याचे ४ हजार तास झाले की जाहिरातीचं उत्पन्न सुरू होतं. १०० डॉलर जमले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेत पैसे निघतात. ॲडसेन्स, म्हणजे गुगलच्या ज्या खात्यातून हे पैसे येतात, त्यातला अमेरिकी कराचा फॉर्म आधी भरा, नाहीतर सगळ्याच कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापलं जातं. पहिल्या पैशातून चांगला माइक घ्या, मग लाइट गेली तरी एडिटिंग चालेल असा इन्व्हर्टर. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जायला लागली की जीएसटीसाठी सीए गाठा. आलेल्या प्रत्येक रकमेतला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि आगाऊ कराच्या चार तारखा भिंतीवर लिहून ठेवा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. गाडी घ्यायचीच झाली तर ज्या दिवशी तिचा बारा महिन्यांचा हप्ता दुसऱ्या खात्यात आगाऊ पडलेला असेल, त्या दिवशी दालनात जा.