साडेचार वर्षे आणि हजार पाने

श्रोतेहो, ‘द वॉकिंग डेड’ या चित्रकादंबरीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे ठाऊक असेल, त्यामुळे आज मी गोष्टीपेक्षा तिच्या ग्रंथरूपाविषयी वाचक जे बोलतात त्याबद्दल अधिक बोलणार आहे. रॉबर्ट कर्कमन यांनी लिहिलेली ही मालिका अमेरिकेत इमेज कॉमिक्सतर्फे ऑक्टोबर २००३ पासून पातळ मासिक अंकांच्या रूपाने निघू लागली आणि १९३ अंक झाल्यावर जुलै २०१९ मध्ये थांबली. मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागली आहेत, सरकार, वीज, इस्पितळे, सगळे कोलमडले आहे, आणि रिक ग्राइम्स नावाचा एका लहान गावातला पोलीस बायको लोरी आणि मुलगा कार्ल यांना घेऊन राहण्याजोगी जागा शोधत हिंडतो आहे, एवढे कथानक आपल्या कामापुरते पुरे आहे. हे सारे अंक पुढे वेगवेगळ्या आकारांत बांधून मिळू लागले. सहा-सहा अंकांची लहान पुस्तके आली, बारा-बारा अंकांची कडक बांधणीची आली, आणि २००९ मध्ये पहिल्या अठ्ठेचाळीस अंकांचे, १०८८ पानांचे कॉम्पेंडियम आले. अशा चार कॉम्पेंडियममध्ये आज संपूर्ण मालिका मिळते, आणि मी ज्या मतांचा विचार करणार आहे ती मुख्यतः या चार जाडजूड ग्रंथांच्या वाचकांची आहेत.

ती मते वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. दोन वाचक एकाच कथेविषयी टोकाचे वेगळे बोलतात, तेव्हा त्यांच्या अभिरुचीतला फरक शोधण्याआधी त्यांनी ती किती दिवसांत वाचली हे विचारावे. पहिला अंक २००३ च्या ऑक्टोबरात आला आणि अठ्ठेचाळिसावा २००८ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे मासिक वाचकाने साडेचार वर्षांत जे पचवले ते कॉम्पेंडियमचा वाचक शनिवार-रविवारात संपवतो. आपल्याकडे मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

कॉम्पेंडियमविषयी सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार पुनरावृत्तीची आहे. सुरक्षित जागा सापडते, थोडे दिवस बरे जातात, मग आतून किंवा बाहेरून घात होतो, माणसे मरतात आणि उरलेले पुन्हा रस्त्याला लागतात. अटलांटाजवळचा तळ, हर्शेलचे शेत, तुरुंग, अलेक्झांड्रियाची वस्ती, सगळीकडे हेच, असे हे वाचक म्हणतात. ही तक्रार खोटी नाही. मात्र तिच्या तीव्रतेला बांधणीही कारणीभूत आहे. मासिक अंक साधारण बावीस पानांचा असे, आणि शेवटच्या पानावर वाचकाला महिनाभर तिष्ठत ठेवील असे काहीतरी घालणे हे कर्कमन यांचे हुकमी तंत्र होते: दारात उभा राहिलेला अनोळखी माणूस, अचानक सुटलेली गोळी, किंवा मेला असे समजलेल्याचा चेहरा. कॉम्पेंडियममध्ये अंकांच्या मधली मुखपृष्ठे नाहीत, एक अंक संपून दुसरा सुरू झाल्याची खूण नाही. त्यामुळे दर बावीस पानांनी बसणारा हा धक्का कुठून येतो हे नव्या वाचकाला कळत नाही. त्याला फक्त एवढेच जाणवते की लेखक सारखा दचकवतो आहे. ज्या पानाने एका वाचकाला महिनाभर झोप लागू दिली नाही, त्याच पानाला दुसरा वाचक सवंग क्लृप्ती म्हणतो, आणि आपापल्या जागी दोघेही बरोबर असतात.

चित्रांचेही असेच झाले आहे. पहिले सहा अंक टोनी मूर यांनी काढले, सातव्यापासून शेवटपर्यंत चार्ली अ‍ॅडलार्ड यांनी. मूर यांची रेषा स्वच्छ आणि गोलाईची, चेहरे चटकन ओळखू येणारे, किंचित व्यंगचित्राकडे झुकणारे. अ‍ॅडलार्ड यांची शाई गडद आणि कोनदार, सावल्यांत अर्धा चेहरा बुडवणारी. मासिक वाचकाला हा बदल पचवायला वेळ मिळाला. ग्रंथाच्या वाचकाला तो साधारण एकशे तीस पानांनंतर, एक पान उलटताच, सामोरा येतो, आणि पुढची पन्नास-साठ पाने तो कोण कोणता हे ताडण्यात घालवतो. ‘चित्रे मध्येच बिघडली’ असा शेरा मग सहज निघतो. माझ्या मते तो अन्यायाचा आहे, कारण ही कथा जसजशी थकत आणि कठोर होत जाते, तसतशी अ‍ॅडलार्ड यांचीच रेषा तिला अधिक शोभते. क्लिफ रॅथबर्न यांनी भरलेल्या करड्या छटांविषयी मात्र सहसा कुणी तक्रार करीत नाही. रक्त लाल नसून काळे दिसते, म्हणून इतकी हिंसा सोसवते, हे निरीक्षण वाचकांचेच आहे आणि ते अचूक आहे.

आता एका अशा गोष्टीकडे येतो, जिचा उल्लेख या मतांत फारच क्वचित होतो. मासिक अंकांच्या शेवटी वाचकांची पत्रे छापली जात. ‘लेटर हॅक्स’ या नावाने ते सदर चाले आणि कर्कमन स्वतः, पुष्कळदा थट्टेच्या आणि कधी उद्धट म्हणावे अशा सुरात, त्यांना उत्तरे देत. कॉम्पेंडियममध्ये ही पत्रे नाहीत. कागदाची बचत म्हणून पाहिले तर हे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे कथेच्या बाजूने वर्षानुवर्षे चाललेला एक वाद ग्रंथातून पुसला गेला. तिसऱ्या अंकात पुरुष शिकारीला जातात आणि बायका पाण्यावर कपडे धुतात. त्यांच्यातली डोना कुरकुर करते आणि लोरी तिची समजूत घालते. पुढे तुरुंगात कारभारासाठी समिती नेमली जाते, तर तिचे चारही सभासद पुरुषच. एका बैठकीत वाचणाऱ्याला हे प्रसंग जवळजवळ आल्यामुळे फार खुपतात, आणि खुपायलाच हवेत. या बाबतीत जाड ग्रंथ मासिकापेक्षा अधिक परखड न्याय करतो असे मी म्हणेन. पण आपल्याआधीच्या वाचकांनी त्यावर काय म्हटले आणि लेखकाने काय उत्तर दिले, याचा मागमूस त्याला त्या ग्रंथात लागत नाही. मिशोन ही पुढे मालिकेतली सर्वांत भक्कम व्यक्तिरेखा ठरते; तिच्यावर ‘गव्हर्नर’ म्हणवणाऱ्या दुसऱ्या वस्तीच्या म्होरक्याने केलेल्या अत्याचाराचे अंक ही आणखी एक अशीच जागा, जिथे ग्रंथाच्या वाचकाला आपला संताप एकट्यानेच सांभाळावा लागतो.

कॉम्पेंडियमची हद्द कुठे पडते यालाही महत्त्व आहे. पहिले अठ्ठेचाळिसाव्या अंकावर संपते. त्या अंकात तुरुंग पडतो, पळता पळता लोरी आणि तिच्या कडेवरचे तान्हे मूल एकाच गोळीने मरतात, आणि रिक व कार्ल एवढेच त्या धुमश्चक्रीतून दूर जाताना दिसतात. हजार पाने वाचून पुस्तक तिथे मिटते. पुष्कळ वाचक इथेच थांबतात, काही दुसरा ग्रंथ त्याच दिवशी मागवतात, आणि पहिल्या खंडाला स्वतंत्र शोकांतिका मानणाराही एक वर्ग आहे. मीही त्यांच्यातच बसतो. तिसरे कॉम्पेंडियम १४४ व्या अंकावर, कुंपणाच्या खांबांवर खोचलेल्या मुंडक्यांपाशी संपते, तेही तितकेच परिणामकारक आहे. याउलट शंभरावा अंक. जुलै २०१२ मध्ये तो आला तेव्हा दुकानदारांनी त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती उचलल्या, रिकच्या टोळीतल्या ग्लेनचा मृत्यू पाहून वाचक हादरले, आणि मालिका सोडण्याची भाषा अनेकांनी केली. तिसऱ्या कॉम्पेंडियममध्ये तो प्रसंग ग्रंथ उघडताच, चौथ्याच अंकात, पुढे नऊशेहून अधिक पाने शिल्लक असताना येतो. वाचक हळहळतो, पण थांबत नाही, कारण पुढचे पान हाताशीच असते.

शेवटाविषयीची मते तर पूर्णच विभागलेली आहेत. ज्यांनी वाचलेले नाही त्यांची क्षमा मागून सांगतो: १९२ व्या अंकात रिक मेला आहे, आणि १९३ वा अंक काही वर्षे पुढे जाऊन कथा संपवतो. हा शेवट आहे हे कुणालाही आधी कळवलेले नव्हते. पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठे आणि जाहिराती तयार करून त्या विक्रेत्यांपर्यंत पोचवल्या होत्या. अंक विकत घेऊन घरी आणणाऱ्याला, तो संपवल्यावरच, सोळा वर्षांची सोबत सुटल्याचे कळले. चौथ्या कॉम्पेंडियमच्या वाचकाला ही संधीच नाही. उजव्या हातातली पाने कमी होत चालली आहेत हे त्याचा अंगठाच त्याला सांगत असतो. म्हणून शेवट ‘घाईचा’ वाटला असे म्हणणारे बहुधा मासिक वाचक असतात, आणि ‘फार लांबलेला उपसंहार’ म्हणणारे बहुधा ग्रंथाचे.

मला स्वतःला मात्र तो शेवट ग्रंथात अधिक भिडतो, आणि त्याचे कारण कथेतच आहे. १९३ व्या अंकातला कार्ल मोठा झाला आहे, त्याला मुलगी आहे, आणि भोवतालच्या नव्या पिढीला मुडद्यांची भीती उरलेली नाही. शेतवाल्या हर्शेलचा त्याच नावाचा नातू, मॅगीचा मुलगा, तर त्यांचा खेळ घेऊन गावोगाव फिरतो. त्यातला एक मुडदा कार्लच्या जागेत शिरतो, कार्ल त्याला मारतो, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला जातो. न्यायासनावर मिशोन आहे. त्या गावकऱ्यांना कार्लचा संताप अतिरेकी वाटतो, कारण त्यांच्या दृष्टीने ते सगळे फार जुने झाले. ज्याने लोरीचा मृत्यू २००८ मध्ये वाचला आणि हा अंक अकरा वर्षांनी, तो थोडाफार त्या गावकऱ्यांसारखाच झालेला असतो. तपशील पुसट झालेले असतात. ज्याने चारही ग्रंथ एका महिन्यात संपवले, त्याच्या डोळ्यांपुढून तुरुंगाचे अंगण अजून हललेले नसते, आणि खटल्याच्या त्या पानांवर तो विचार न करता कार्लच्या बाजूला जाऊन उभा राहतो.