५०० ची तूट, ४९ दिवसांचे व्याज

अध्यक्ष महाशय आणि श्रोतेहो,

क्रेडिट कार्डावरील अनावश्यक शुल्क आणि व्याज कसे टाळावे, हा आजचा विषय आहे. त्या सर्व शुल्कांचा परामर्श मी घेणारच आहे. परंतु त्याआधी मला एका शब्दाविषयी सविस्तर बोलायचे आहे, कारण जाणत्या माणसांचेही बरेचसे नुकसान त्या शब्दाच्या अपुऱ्या आकलनातून होते, असे माझे मत आहे. तो शब्द म्हणजे ‘व्याजमुक्त मुदत’. खरेदी केल्यापासून देय तारखेपर्यंतचे दिवस आपल्या हक्काचे आहेत, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती एक सशर्त सवलत आहे. बिलातील एकूण देय रक्कम देय तारखेपर्यंत पूर्ण भरली, तरच ती टिकते. अट मोडली, तर अनेक कार्डांच्या नियमांनुसार ती मागील तारखेपासून काढून घेतली जाते.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी, नवे बिलचक्र, म्हणजे पुढच्या बिलाचा महिना, सुरू होताच, मी कार्डावर ४०,००० ची खरेदी केली. महिनाअखेरीस तेवढ्याच रकमेचे बिल आले. त्यानंतर त्यातील ५०० ची एक वस्तू मी परत केली आणि विक्रेत्याने रिफंड मंजूर झाल्याचे कळवले. आता आपले देणे ३९,५०० उरले, अशी सरळ वजाबाकी करून मी देय तारखेला तेवढी रक्कम भरली. रिफंड चार दिवसांनी जमा झाला. पुढच्या बिलात सुमारे १,९३० इतके व्याज लागलेले पाहून मला वाटले, की यंत्राची काही चूक झाली असावी.

चूक यंत्राची नव्हती. व्याजाचा दर महिन्याला ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ टक्के होता. ४०,००० वर त्या दराने दिवसाला साडेएकोणचाळीस व्याज होते आणि खरेदीच्या दिवसापासून मी पैसे भरले त्या दिवसापर्यंत ४९ दिवस गेले होते. व्याज केवळ न भरलेल्या ५०० वरच नव्हे, तर वेळेवर भरलेल्या ३९,५०० वरही आकारले गेले होते. माझ्या कार्डाच्या तेव्हाच्या नियमानुसार बिल निघाल्यानंतर येणारा रिफंड हा त्या बिलाचा भरणा मानला जात नव्हता, असे मला ग्राहकसेवेतून शांतपणे सांगण्यात आले. नियम अटींच्या पुस्तिकेत होता, हे मी मान्य करतो. परंतु सवलतीचे दिवस ठळक अक्षरांत आणि ती जाण्याची अट बारीक अक्षरांत छापणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. मी लेखी विनंती केली, आजवरचा चोख भरणा दाखवून दिला, आणि ते व्याज एकवार परत मिळाले. मागितल्याशिवाय ते कधीच मिळाले नसते, म्हणून अशा वेळी विनंती अवश्य करावी.

येथे थोडा इतिहास आवश्यक आहे. १९५० मध्ये निघालेल्या डायनर्स क्लबच्या कार्डाचे बिल दरमहा पूर्ण फेडावे लागे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेने सुमारे ६०,००० लोकांना न मागता कार्डे टपालाने पाठवली, आणि त्या कार्डावर थोडे भरून बाकीचे पुढे ढकलण्याची सोय होती. पैसे चुकते करण्याचे साधन आणि कर्ज हे दोन वेगळे व्यवहार तेव्हापासून एकाच कार्डात नांदत आहेत, आणि आपला गोंधळ नेमका तेथेच होतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यासमोर आली आहे, तेव्हा उरलेले झपाट्याने सांगतो. किमान देय रक्कम, म्हणजे बिलाचा जो छोटा भाग भरावाच लागतो तो, भरल्याने केवळ विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. १,००,००० च्या थकबाकीवर ५ टक्के, म्हणजे ५,००० भरले, तर ३ टक्के दराने त्यातील ३,००० व्याजातच जातात. मुद्दल फक्त २,००० ने घटते. दरमहा शिलकीच्या ५ टक्केच भरत राहिलो, तर नवी खरेदी न करताही ती थकबाकी निम्मी व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागतात. म्हणून ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप भरणा, लावताना ‘किमान’ नव्हे, तर ‘एकूण देय रक्कम’ हा पर्याय निवडावा आणि त्या दिवशी खात्यात पुरेशी शिल्लक ठेवावी. कार्डावर एटीएममधून रोख काढणे टाळावे. तेथे सामान्यतः शुल्क लागतेच, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. परदेशात यंत्राने कोणत्या चलनात पैसे द्यायचे असे विचारले, तर तेथील स्थानिक चलन निवडावे, कारण आपल्या चलनात रूपांतर करून देण्याचा दर बहुधा महाग असतो. खरेदीचे हप्ते पाडून घेताना व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्कही विचारावे. जे कार्ड वापरात नाही, त्याचे वार्षिक शुल्क लागण्यापूर्वीच ते रीतसर बंद करून लेखी पोच घ्यावी.

शेवटचा मुद्दा ज्यांची थकबाकी सध्या सुरू आहे त्यांच्यासाठी. थकबाकी असताना नव्या खरेदीलाही बहुधा व्याजमुक्त मुदत मिळत नाही, म्हणून ती फिटेपर्यंत त्या कार्डावर काहीही घेऊ नये. पूर्ण बिल भरल्यानंतरही पुढच्या बिलात थोडे व्याज येऊ शकते. हे व्याज आधीचे बिल निघाल्यापासून त्याचा भरणा होईपर्यंतच्या दिवसांचे असते. ते पाहून बिल बाजूला ठेवू नये. तेही पूर्ण भरावे आणि त्यानंतरच्या बिलात व्याजाचा रकाना शून्य आहे, याची खात्री करून घ्यावी.