कदन्न, श्रीअन्न आणि आत्याच्या दोन चपात्या

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते ताटातल्या भाकरीविषयी आणि अंगावरच्या खणाविषयी. माझ्या लहानपणी या दोन्ही गोष्टी घरात इतक्या होत्या, की त्यांच्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहत नव्हतं. आता दोघींचीही फॅशन आलीय.

ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी या धान्यांना जुन्या भाषेत एक शब्द होता, कदन्न. म्हणजे हलकं अन्न. पुढे सरकारी कागदावर ते भरडधान्य झालं, २०१८ साली पोषक धान्य झालं, आणि २०२३ साली, भारतानंच मांडलेल्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं केलं, तेव्हा आपल्याकडे त्याचं श्रीअन्न झालं. दाणा तोच. कदन्न होता, श्रीअन्न झाला.

खणाचंही तसंच. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड म्हणून गाव आहे, तिथला हा चोळीचा खण. इरकली लुगडं आणि खणाची चोळी, हा आमच्या सोलापूरकडच्या बायकांचा रोजचा वेश. ओटीत खण, रुखवतात खण, देवीला खण. आता त्याच कापडाच्या साड्या निघाल्या, कुर्ते निघाले, पर्स निघाल्या, लॅपटॉपच्या पिशव्या निघाल्या. मला हे आवडतं, आधीच सांगते. फॅशननं एखादा माग चालू राहत असेल तर फॅशनला नावं कशाला ठेवायची? माझी तक्रार वेगळीच आहे. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात? सहा कळ्यांचा घेर देतात, पाठीला गोंडे देतात आणि खिसा देताना मात्र यांचं कापड संपतं. नऊवारीला निदान कनवट तरी होती. असो.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. माझ्या भाचीचं लग्न ठरलं आणि मी तिला केळवणाला बोलावलं. हल्ली केळवणालाही थीम असते. तिचा फोन आला, "मावशी, सगळं मिलेटचं असू दे हं. आणि सगळ्यांनी खण नेसायचा." म्हटलं, बाई, मी मंगळवेढ्याकडची. मालदांडी ज्वारीचं कोठार ते. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. मला तू भाकरीचं काय सांगतेस?

हा माज मला भोवला. त्या दिवशी आमची गिरणी बंद. मग मी मॉलमधून पाकिटातलं ज्वारीचं पीठ आणलं. एकेक किलोची तीन पाकिटं. वर छान शेताचं चित्र, आणि किंमत अशी की तेवढ्यात आमच्या वडिलांनी पोतं आणलं असतं.

पंधरा माणसं यायची होती. साडेअकराला मी पीठ भिजवलं. पहिली भाकरी थापायला घेतली, तर कडा फुटल्या. वाटलं, हात बसला नाही. दुसरी उचलायला गेले, तर अर्धी हातात, अर्धी परातीत. तिसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे तिचा नकाशा झाला. पलीकडे दिवाणखान्यात भाचीच्या मैत्रिणी जमलेल्या, सगळ्या खणात. जांभळा, मोरपंखी, राणी कलर. फोटो चाललेले. आणि स्वयंपाकघरात मी, नवा खण नेसून, कोपरापर्यंत पिठात.

माझी आत्या गावाहून आली होती. वय चौऱ्याऐंशी. तिला म्हटलं होतं, आत्या, तू पण खण नेस. ती म्हणाली, "सारा जन्म तीच चोळी घातली की गं. आता कुठं गाऊन घावलाय, त्यो सोडायची न्हाई." तर आत्या फुलाफुलांचा नायलॉनचा गाऊन घालून खुर्चीत बसली होती. एका मैत्रिणीचा पदर तिनं नुसता दोन बोटांत धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "पोरी, ह्यो सुताचा न्हाई. घाम यील बग." कापडाला तिची बोटं आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपेक्षा तेज.

मग ती उठून स्वयंपाकघरात आली. परातीतले तुकडे पाहिले. एक चिमूट पीठ जिभेवर ठेवलं. "कडू लागतंय. विरी गेलीया ह्याची. कवा दळलंय?" पाकीट उलटंसुलटं करून तारीख शोधली. चार महिने झाले होते. आत्या माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तू मंगळवेड्याची!"

पुढचं सगळं तिनं केलं. दुसरं पाकीट फोडलं, ते त्यातल्या त्यात बरं निघालं. पातेल्यात पाण्याला आधण आणलं, मीठ टाकलं, उकळतं पाणी पिठात ओतून उलथन्यानं कालवलं, झाकलं. हात सोसेल इतकं निवल्यावर तळव्याच्या टाचेनं रगडून रगडून मळलं. एका वेळी एकाच भाकरीचं. मग थापायला बसली. बांगड्यांचा आवाज, परात फिरतेय, आणि भाकरी चंद्रासारखी वाढतेय. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि गॅसवर धरली तशी टम्म फुगली. मुली फोटो टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीनं व्हिडिओ घेतला. आत्या तिला म्हणाली, "त्यो ठेव आन ताट घी."

पंगत बसली. भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वरीचा भात, नाचणीचे लाडू. सगळे वा वा करताहेत. भाची म्हणाली, "आत्याआजी, आता तुम्ही बसा." आत्या बसली. मी तिच्या ताटात भाकरी वाढायला गेले, तर तिनं हात आडवा धरला. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "माझ्यासाठी दोन चपात्या कर की गं."

मला हसूच आलं. म्हटलं, आत्या, हे सगळे तुझ्या हातच्या भाकरीसाठी जीव टाकताहेत आणि तू चपाती मागतेस? ती म्हणाली, "१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायचो. रेशनवर ती लाल मिलो मिळायची, अमेरिकेची. तिचीच भाकर. धड उतरायची न्हाई गळ्याखाली. त्याच्या आदी भाकर, त्याच्या मागनं भाकर. चपाती जावई आला तरच. तवाच ठरिवलं, बरं दीस आलं की चपातीच खायाची."

मी कणीक भिजवली. पुण्यात याला पोळी म्हणतात, पण त्या दिवशी मी चपात्याच केल्या. घडीच्या, तूप लावून. आत्यानं त्या साखरेबरोबर खाल्ल्या. शेजारी भाची भाकरी खात होती. दोघींना आपापल्या ताटाचं कौतुक.

हं, घड्याळ पुढं गेलं. मला पिठाविषयी बरंच सांगायचं होतं, आता थोडक्यात सांगते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून ती लाटता येत नाही. ताज्या पिठात विरी असते, ती भाकरी धरून ठेवते. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग उकळतं पाणी घालून त्यातलं पिष्ट थोडं शिजवून घ्यायचं, म्हणजे ते चिकट होतं. पुन्हा सांगते. ताजं पीठ, आणि नसेल तर उकळतं पाणी. दोन किलो दळून आणा, पंधरा दिवसांत संपवा. भाकरी खाल्ली म्हणून रक्तातली साखर आपोआप उतरत नाही, चार खाल्ल्या तर चार भाकऱ्यांचं पिष्ट पोटात जातंच. नाचणीत कॅल्शियम मात्र खरोखर भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पोरांना नाचणीचं सत्त्व द्या. बाजरी थंडीत खा, भोगीला तीळ लावून खा. आणि ते सुपरफूड म्हणणं तेवढं सोडा. भाकरीला भाकरी म्हटलं की ती स्वस्त मिळते, हा माझा अनुभव आहे.

जाता जाता, त्या पिठाचं काय झालं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी आत्या गावी निघाली. मी फोडलेलं ते कडू पीठ टाकून द्यायला काढलं होतं, तिनं ते हातातून घेतलं, आणि फळीवरचं तिसरं पाकीटही उचललं. मला वाटलं, भाकरी करेल घरी. पिशवीत नीट ठेवत म्हणाली, "टाकतीस कशाला? म्हशीच्या आंबोणात जाईल."