२.५ गिगचा स्विच घेताय? आधी एक कागद घ्या

नमस्कार मंडळी!

हा माझ्या हातात आहे तो पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच. घरातली यंत्रं वायरीनं एकमेकांना जोडणारी पत्र्याची डबी, पाच दिवे, आत एक चिप. कित्येक वर्षं माझ्या टेबलाखाली पडून आहे, कधी हाक मारली नाही. आणि हा दुसरा. दिसायला त्याचा सख्खा भाऊ, पण याचा प्रत्येक पोर्ट २.५ गिगाबिटचा, म्हणजे अडीचपट वेगाचा आहे. आणि किंमत? ती विचाराल तर भाऊबंदकी होईल. तर हे जास्तीचे पैसे कुणी घालायचे, आणि घालायचेच असतील तर कमीत कमी किती, एवढंच आज बघायचंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमचं ब्रॉडबँड २०० किंवा ३०० एमबीपीएसचं आहे, घरात दोन फोन, एक टीव्ही, एक लॅपटॉप आहे, आणि तुम्हाला वाटतंय की स्विच बदलला की नेट पळायला लागेल. नाही पळणार. टाकीतून येणारी धार तेवढीच असेल तर घरातला पाइप जाड करून काय होणार? तुम्ही हा व्हिडिओ इथंच बंद केलात तरी मला वाईट वाटणार नाही.

मल्टी-गिग, म्हणजे गिगाबिटहून वेगवान स्विच, लागतो तो घरातल्या घरात, ऑफिसातल्या ऑफिसात मोठ्या फायली इकडून तिकडे न्यायला. माझ्या ओळखीतले दोघं भाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात. दोन खोल्या, दोन पीसी, आणि सगळं फुटेज ठेवायला एक नॅस, म्हणजे नेटवर्कवरची सामायिक डिस्कपेटी. एका लग्नाचं फुटेज धरा ४०० जीबी. हळद, लग्न, रिसेप्शन, वर ड्रोन. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट, पण हे कागदावर. प्रत्यक्षात ११०-११५ मिळतात. म्हणजे ४०० जीबी कॉपी व्हायला जवळजवळ एक तास. २.५ गिगला २८० च्या आसपास मिळतात, तेच काम २४-२५ मिनिटांत. लग्नसराईत आठवड्याला चार ऑर्डरी असतील तर हा फरक जाणवतो.

आता तुम्ही म्हणाल, थेट १० गिगच घेऊ की! घ्या, पण त्याआधी नॅसमध्ये काय बसलंय ते बघा. साधी फिरणारी हार्ड डिस्क मोठी फाइल वाचताना सेकंदाला साधारण २०० ते २५० मेगाबाइट देते. अशा दोन डिस्क मिरर करून, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवून, लावल्या असतील, तर २.५ गिगची वायरच त्यांना पुरून उरते. तिथं १० गिग म्हणजे बैलगाडीसाठी एक्स्प्रेसवे. आत एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्क, असतील तर गोष्ट वेगळी.

हे २.५ प्रकरण आलं कुठून, हेही सांगतो, कारण त्यातच तुमची बचत आहे. तांब्याच्या वायरीवरून १० गिग न्यायचं मानक २००६ सालीच आलं होतं. पण १०० मीटरपर्यंत न्यायचं तर कॅट ६ए दर्जाची केबल हवी, आणि जगभरच्या भिंतींमध्ये तर त्याहून खालच्या दर्जाची कॅट ५ई आणि कॅट ६ गाडलेली. भिंती कोण फोडणार? म्हणून २०१६ मध्ये २.५ आणि ५ गिगचं मानक आलं. युक्ती सोपी आहे. १० गिगचीच भाषा, पण सावकाश बोलायची. २.५ साठी चौपट सावकाश. त्यामुळे साध्या कॅट ५ईवरही ती १०० मीटर नीट ऐकू जाते. थोडक्यात, घरातली केबल धड असेल तर ती बदलायची गरज नाही.

'धड असेल तर'! इथंच माझी फजिती झाली होती. त्या भावांकडे नवा स्विच लावला, सगळं जोडलं, आणि एका पीसीवर लिंक स्पीड दिसतंय १०० एमबीपीएस. अडीच हजार नाही, हजारही नाही, शंभर. मी तासभर ड्रायव्हर उलटेपालटे केले. शेवटी प्लग डोळ्यांजवळ धरला. हा बघा, असा.

[क्लोज-अप: पारदर्शक आरजे-४५ प्लग]

आठ तारा असतात, चार जोड्या. नीट बघा, सात तारा टोकाला टेकल्यात आणि ही तपकिरी एक मिलिमीटर मागे राहिलीय. गिगाबिटला आणि २.५ ला चारही जोड्या लागतात. १०० ला दोनच पुरतात, म्हणून तेवढ्यावर गाडी चालू होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. प्लग कापला, नवा क्रिम्प केला, दोन मिनिटांत २५०० दिसायला लागलं.

दुसरी केबल तर त्याहून भारी निघाली. वर छापलंय कॅट ६, पण ब्लेडनं तार खरवडली तर तांब्याखाली चंदेरी! म्हणजे अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा नुसता मुलामा. दुकानात हिला सीसीए म्हणतात. हातात घेतली की बंडल हलकं लागतं. वाकवली की तुटते, आणि पीओईवर, म्हणजे त्याच वायरीतून वीज देऊन, कॅमेरा चालवला तर तापते. केबल घेताना 'प्युअर कॉपर' असं बिलावर लिहून मागा. दुकानदाराचं तोंड बघूनच अर्धं उत्तर मिळतं.

आता मूळ मुद्दा, कागद. एक कागद घ्या, घरातली सगळी यंत्रं लिहा, आणि जी दोन यंत्रं एकमेकांकडे मोठ्या फायली पाठवतात त्यांच्यामध्येच रेघ ओढा. प्रिंटर, टीव्ही, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांच्यामध्ये रेघ येणार नाही. त्या भावांच्या कागदावर यंत्रं होती अकरा आणि रेघा दोन. पहिला पीसी ते नॅस, दुसरा पीसी ते नॅस. मग अकरा पोर्ट २.५ चे कशाला? पाच पोर्टचा छोटा मल्टी-गिग स्विच घेतला. नॅस आणि दोन्ही पीसी त्यावर, चौथ्या पोर्टवर राउटर, आणि पाचव्यातून एक वायर त्यांच्या जुन्या गिगाबिट स्विचला. बाकी सगळं त्या जुन्यावरच राहिलं. अर्ध्याहून जास्त खर्च तिथंच वाचला. आणि नाही, जुनं यंत्र लावल्यानं सगळं नेटवर्क स्लो होत नाही. प्रत्येक पोर्ट आपापल्या यंत्राशी आपला वेग ठरवतो.

दोघंही एकाच वेळी नॅसमधून ओढतात तेव्हा मात्र नॅसकडे जाणारी एकच २.५ ची वायर दोघांत वाटली जाते. त्यांना ते चालतं, डिस्कच तेवढ्या आहेत. उद्या एसएसडी टाकले, तर चार पोर्ट २.५ चे आणि दोन एसएफपी प्लस, म्हणजे १० गिगच्या खाचा, असा स्विच बघायचा. आज स्वस्तात सगळ्यात कामाचा प्रकार हाच आहे. नॅसला १० गिगचं कार्ड टाकायचं, एसएफपी प्लसमध्ये डीएसी केबल लावायची, पीसी २.५ वरच. डीएसी म्हणजे दोन्ही टोकांना डोकं असलेली तयार वायर. स्वस्त, आणि थंड राहते. त्याच खाचेत आरजे-४५ चं मॉड्यूलही बसतं, पण ते दोन-अडीच वॅट खातं आणि असं तापतं की हात लावून बघू नका. शिवाय एसएफपी प्लसचे बरेच पोर्ट फक्त १ किंवा १० गिग जाणतात, २.५ नाही. घेण्याआधी स्पेसिफिकेशन वाचा.

आता खोक्यावरची भाषा. मोठ्या अक्षरात असतं '२५ जीबीपीएस स्विचिंग कपॅसिटी'. दचकू नका. पाच पोर्ट गुणिले २.५ म्हणजे साडेबारा, येणं-जाणं धरून दुप्पट, २५. पाढ्यातलं उत्तर आहे ते, पराक्रम नाही. आकडा यापेक्षा कमी असेल तर मात्र शंका घ्या. आणि 'मल्टी-गिग, ८ पोर्ट' लिहिलेलं असेल तर आठांपैकी २.५ चे किती ते मोजा. कधी कधी एकच निघतो आणि बाकी सात गिगाबिट. भाव खोक्याचा बघू नका, २.५ च्या एका पोर्टला किती पडले ते बघा.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, की अनमॅनेज्ड, नुसता जोडून चालणारा? घरी अनमॅनेज्ड, विषय संपला. ऑफिसात कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवायचं असेल तर व्हीएलएएन लागतं, तिथं मॅनेज्ड घ्या आणि पहिल्याच दिवशी त्याचा फॅक्टरी पासवर्ड बदला. नुसता शोभेला मॅनेज्ड घेतलेले लोक मी बघितलेत. ते सेटिंगचं पान पुन्हा कधीच उघडत नाहीत.

पंखा नसलेला घ्या, आवाज नको. पण तापमानाचा आकडा वाचा. बऱ्याच स्वस्त स्विचवर ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. नागपूर-अकोल्याकडच्यांनो, मे महिन्यात तुमच्या माळ्यावर काय असतं ते मी सांगायला नको. टीव्हीखालच्या बंद कप्प्यातही नको. उघड्यावर ठेवा, पत्र्याला हवा लागू दे.

जुन्या पीसीला २.५ चा पोर्ट नसेल तर यूएसबी ३ चा अॅडॉप्टर मिळतो, काळ्या नव्हे, निळ्या यूएसबीत खोचा. काळा बहुतेक यूएसबी २ असतो, तिथं साधा गिगाबिटही पुरा मिळत नाही. आणि सगळं जोडून झालं की फाइल कॉपी करून वेग मोजत बसू नका, त्यात डिस्कही मोजली जाते. दोन्ही पीसींवर आयपर्फ ३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर टाका, एकावर सर्व्हर, दुसऱ्यावर क्लायंट. २.३ गिगाबिटच्या वर आकडा आला की स्विच, केबल, कार्ड सगळं पास. ९४० मेगाबिटच्या आसपास अडकला तर मधे कुठंतरी गिगाबिट घुसलाय. आणि ९४ आला? मग प्लग काढा, उजेडात धरा आणि तपकिरी तार शोधा.